विकसनशील देशांतली प्रादेशिक इलेक्ट्रॉनिक्स बाजारपेठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी आणि मोबाइल घेऊन एखाद्या नव्या भागात उतरणारे वितरक आणि तिथे जोडणीचा कारखाना काढू पाहणारे उद्योजक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं वेगवेगळ्या देशांची आहेत.

लोकांचं उत्पन्न वाढलं की मागणी आपोआप वाढते ना?

वाढते, पण सरळ रेषेत नाही. बरीच वर्षं हालचाल दिसत नाही, मग चार-पाच वर्षांत निम्म्या घरांत वस्तू पोचते आणि पुढे वेग पुन्हा मंदावतो. हा टप्पा कधी येणार हे पगाराइतकंच घरात येणारी वीज आणि पाणी ठरवतात.

टीव्ही जवळपास सगळीकडे आधी पोचतो, कारण संध्याकाळी तीन-चार तास वीज असली तरी त्याचं भागतं. फ्रिजचं तसं नाही. रोज दहा तास वीज जात असेल तर तो थंड न होणारं कपाट ठरतो, आणि शेजाऱ्याच्या घरातलं असं कपाट पाहिलेलं गिऱ्हाईक पैसे असूनही तो घेत नाही. वॉशिंग मशीनला पाण्याचा दाब लागतो. पूर्ण स्वयंचलित मशीनचा पाणी घेणारा व्हॉल्व्ह नीट उघडायला टाकी साधारण तीन ते पाच मीटर उंचीवर हवी. नसेल तर मशीन अर्धा तास पाणी भरत बसतं आणि शेवटी एरर दाखवून थांबतं. बादलीने पाणी ओतता येणारं दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन अशा भागात वर्षानुवर्षं टिकून राहतं त्याचं कारण हेच.

एसी सगळ्यात शेवटी येतो, पण आला की झपाट्याने येतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८च्या अहवालानुसार जगातल्या सर्वांत उष्ण प्रदेशांत २८० कोटी लोक राहत होते आणि त्यांतल्या जेमतेम ८ टक्के लोकांकडे एसी होता.

बाजार केवढा आहे, हे कसं काढायचं? डीलर तर वाटेल ते आकडे सांगतात.

दोन बाजूंनी काढा आणि ताडून पाहा.

पहिली बाजू घरांची. समजा, त्या भागात १० लाख घरं आहेत, ४० टक्के घरांत टीव्ही आहे आणि दर वर्षी आणखी ४ टक्के घरांत तो पोचतोय. म्हणजे नवी मागणी ४० हजार. पण आधीच्या ४ लाख टीव्हींचं आयुष्य आठ वर्षं धरलं तर बदलीची मागणी वर्षाला ५० हजार. एकूण ९० हजार. नवखे लोक हा दुसरा आकडा विसरतात, आणि तोच पुढे मोठा होत जातो. ८० टक्के घरांत टीव्ही पोचला की नवं गिऱ्हाईक जवळपास संपतं, पण बदलीची मागणी एक लाखावर गेलेली असते. बदली करणाऱ्याला पहिल्या टीव्हीचा अनुभव असतो, त्यामुळे तो जाहिरातीला सहजासहजी भुलत नाही.

दुसरी बाजू आयातीची. कस्टम्सच्या वर्गीकरणात टीव्ही ८५२८, फ्रिज ८४१८, वॉशिंग मशीन ८४५०, एसी ८४१५ आणि मोबाइल ८५१७ या शीर्षकांखाली येतात. तुमच्या देशाने नोंदवलेली आयात घ्या आणि माल पाठवणाऱ्या देशांनी तुमच्या देशाकडे दाखवलेली निर्यात तिच्याशेजारी ठेवा. वाहतूक-विमा आणि मधल्या बंदरातून वळवलेला माल यांमुळे थोडा फरक पडतोच. निर्यात मात्र आयातीच्या दीडपट-दुप्पट दिसत असेल तर उरलेला माल बहुधा चोरवाटेने किंवा कमी किंमत दाखवून येतोय. तो तुमचा खरा प्रतिस्पर्धी आहे, आणि तो कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

व्होल्टेजची एवढी काळजी का करायची? यंत्रावर २२०-२४० व्होल्ट लिहिलेलं असतंच की.

लिहिलेलं असतं, भिंतीतल्या सॉकेटला ते ठाऊक नसतं. वॉरंटीतला बराचसा खर्च इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १६० व्होल्ट आले की जोर निम्म्याहून कमी उरतो. फ्रिजच्या साध्या कॉम्प्रेसरला सुरू होताना गॅसच्या दाबाविरुद्ध फिरायचं असतं, ते त्याला जमत नाही. फ्रिजच्या मागे कान लावला तर जड गुणगुण ऐकू येते, काही सेकंदांनी 'टक्' होतं आणि शांतता. ओव्हरलोड प्रोटेक्टरने पुरवठा तोडलेला असतो. तो थंड झाला की पुन्हा गुणगुण, पुन्हा टक्. रात्रभर हे चाललं तर वाइंडिंगच्या तारेवरचं इनॅमल करपतं आणि काही आठवड्यांत कॉम्प्रेसर जळतो. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब, कंपनी म्हणते वीज खराब, आणि मध्ये डीलर.

वीज जाऊन लगेच आली तरी हेच होतं, कारण गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तीन-एक मिनिटं लागतात. म्हणून स्टॅबिलायझर घेताना उशिरा सुरू होण्याची सोय असलेलाच घ्यावा. साध्या घरगुती फ्रिजला ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे क्षमतेचं माप) पुरतो, दीड टनी एसीला साधारण ४ केव्हीएचा लागतो. नुसत्या चालू वॅटवर मोजून लहान स्टॅबिलायझर देणं ही नेहमीची चूक. सुरू होतानाचा करंट कैक पट असतो. वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू सुरू होतो, त्यामुळे कमी व्होल्टेज बरंच सोसतो. त्याचं दुखणं वेगळं: झटका आला की कंट्रोल बोर्ड जातो, आणि बोर्ड बदलणं गावातल्या मेकॅनिकच्या हातातलं काम नसतं.

चढत्या व्होल्टेजचा मुख्य स्रोत म्हणजे तुटलेला न्यूट्रल, विजेची परतीची तार. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात ३०० ते ४०० व्होल्ट शिरतात. ३०० व्होल्ट एसीचं शिखर सुमारे ४२४ व्होल्टचं असतं, आणि टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला मुख्य कपॅसिटर ४०० व्होल्टचा असेल तर तो फुगतो किंवा फुटतो. कारखान्याकडून माल मागवताना ४५० व्होल्टचा कपॅसिटर आणि पुरवठ्याच्या तोंडाशी व्हॅरिस्टर (झटका शोषून घेणारा भाग) मागा. भाव किंचित वाढतो. तुटका न्यूट्रल तासभर टिकला तर यानेही भागणार नाही, पण एरवीचे चढउतार निभावतात.

भागात उतरण्याआधी पाच-सहा ठिकाणी सात दिवस व्होल्टेज नोंदणारी यंत्रं लावा. निम्मी ट्रान्सफॉर्मरजवळ, निम्मी लाइनच्या शेवटच्या घरात. संध्याकाळी सहा ते दहाची नोंद वेगळी काढा. ट्रान्सफॉर्मरजवळ २३५ आणि शेवटच्या घरात १७० हे चित्र नवलाचं नाही, आणि कोणता फ्रिज मागवायचा हे त्यावरून ठरतं.

एका देशात चाललेलं मॉडेल शेजारच्या देशात तसंच नेता येतं का?

तीन गोष्टी तपासल्याशिवाय नाही.

टीव्हीचा ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग. आफ्रिकेतल्या बहुतेक देशांनी डीव्हीबी-टी२ ही प्रसारण पद्धत घेतली, पण बोट्सवानाने जपानी आयएसडीबी-टी निवडली. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आयएसडीबी-टी आहे, कोलंबियात डीव्हीबी-टी२. चुकीच्या ट्यूनरचा टीव्ही चालू होतो, मेनू दाखवतो, फक्त एकही चॅनल पकडत नाही.

फ्रिजचा हवामान वर्ग. मागच्या पट्टीवर एन, एसटी किंवा टी असं अक्षर असतं. एन म्हणजे ३२ अंश सेल्सियसपर्यंत, एसटी ३८, टी ४३. उष्ण प्रदेशात एन वर्गाचा स्वस्त माल नेला तर उन्हाळ्यात कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि दूध तरीही नासतं.

फ्रिक्वेन्सी. फिलिपीन्समध्ये २२० व्होल्ट पण ६० हर्ट्झ, ब्राझीलमध्ये ६० हर्ट्झ आणि शहरागणिक १२७ किंवा २२० व्होल्ट. टीव्ही आणि चार्जर यांना फरक पडत नाही. साध्या मोटरचे पंखे, मिक्सर आणि जुन्या पद्धतीचे कॉम्प्रेसर यांना पडतो.

तयार माल आणावा की सुटे भाग आणून इथेच जोडावा?

आधी खोक्याचा आकार बघा. चाळीस फुटी उंच कंटेनरची आतली जागा सुमारे ७६ घनमीटर, प्रत्यक्षात ६८-७० भरते. ३२ इंची टीव्हीचं खोकं साधारण ०.०६ घनमीटर, म्हणजे एका कंटेनरमध्ये हजार-अकराशे नग. १९० लिटरचा फ्रिज अर्धा घनमीटर व्यापतो, म्हणजे १३०-१४० नग. थोडक्यात, फ्रिज आणताना तुम्ही समुद्रावरून हवा आणता. म्हणून बाजार पुरेसा मोठा झाला की फ्रिज आणि वॉशिंग मशीन स्थानिक कारखान्याकडे वळतात; बांगलादेशात वॉल्टन कंपनीने गाझीपूर जिल्ह्यातल्या चंद्रा इथे फ्रिज बनवायला घेतले, ते याचं एक उदाहरण.

टीव्हीचं गणित निराळं. त्यात पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष पडदा, हाच खर्चाचा मोठा भाग, बहुधा निम्म्याहून जास्त, आणि पॅनेल मोजक्याच देशांत बनतं. तुमच्या हातात उरतं ते बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे), डिफ्यूजर शीट (उजेड सारखा पसरवणारा थर), बोर्ड, स्पीकर आणि मागचं कव्हर जोडणं. पॅनेलचे आकारही तिकडेच ठरतात. कारखान्याची 'पिढी' काचेच्या आकारावरून मोजतात; ८.५ पिढीच्या कारखान्यात २२०० × २५०० मिलिमीटरच्या काचेतून ३२ इंची १८ किंवा ५५ इंची ६ पॅनेलं निघतात. १०.५ पिढीची मोठी काच ६५ आणि ७५ इंचांसाठी आखलेली. काच कोणत्या आकारात कापणं फायद्याचं, त्यावर तो आकार स्वस्त होतो. 'लोकांना अचानक मोठे टीव्ही आवडायला लागले' असं जे म्हणतात, त्यातलं निम्मं श्रेय या काचेचं.

टीव्हीच्या जोडणीत तीन गोष्टी बिघडतात. धूळ: डिफ्यूजर आणि पॅनेलमध्ये अडकलेला कण पांढऱ्या पडद्यावर काळा ठिपका होऊन कायमचा दिसतो, म्हणून ते काम स्वच्छ खोलीतच करावं लागतं. स्थिर वीज: मनगटाचा पट्टा न घालता पॅनेलच्या कडेच्या पट्टीला हात लागला की ड्रायव्हर चिप जाते, कधी लगेच, कधी तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी. आणि घाई: प्रत्येक नग गरम खोलीत काही तास चालवून पाहायचा असतो. माल तुंबला की हीच पायरी पहिली गाळली जाते.

मग शुल्क. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने संगणक, सेमीकंडक्टर, फोन अशा वस्तूंवरचं आयात शुल्क त्या करारात सामील झालेल्या देशांत शून्यावर आणलं, पण घरगुती टीव्ही-फ्रिज त्यात नव्हते. त्यामुळे कुठे तयार मालावर शुल्क आणि भाग मोकळे, तर कुठे उलटं: भागांवर जास्त आणि तयार मालावर कमी. उलटं असेल तर कारखाना काढू नका, कितीही सवलती दाखवल्या तरी.

शुल्काच्या आधाराने उभा राहिलेला कारखाना शुल्कासोबतच आडवाही होऊ शकतो. अर्जेंटिनाने १९७२ च्या कायद्याने देशाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगो इथे, करसवलत देऊन जोडणी आणली. भाग समुद्रमार्गे तिथे जातात आणि तयार फोन सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या ब्युनॉस आयर्सकडे परत येतात. २०२५ मध्ये सरकारने आयात फोनवरचं १६ टक्के शुल्क दोन टप्प्यांत शून्यावर नेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तिथल्या कामगारांनी संप केला. ब्राझीलचं मनाउस हे असंच करसवलतीचं क्षेत्र, १९६७ पासूनचं, जास्त भक्कम आहे, कारण त्याची मुदत संविधानानेच २०७३ पर्यंत नेली आहे. भारताने २०१७ पासून मोबाइलसाठी एकेका भागावर शुल्क लावून तो देशात बनवून घेण्याची टप्प्याटप्प्याची वाट घेतली: आधी चार्जर-बॅटरी, मग सर्किट बोर्ड आणि कॅमेरा, नंतर डिस्प्ले. अशी वाट असेल तर पुढचा टप्पा कधी लागू होतो ते वाचूनच यंत्रं मागवा.

सरकारी अनुदान आलं तर विक्री वाढते का?

हो, आणि मग पडते. चीनने डिसेंबर २००७ मध्ये शानडोंग, हेनान आणि सिचुआन या प्रांतांत ग्रामीण कुटुंबांना ठरावीक टीव्ही, फ्रिज आणि मोबाइलवर किमतीच्या १३ टक्के अनुदान द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती योजना देशभर गेली, जानेवारी २०१३ मध्ये संपली. निर्यात आटल्यावर कारखान्यांना घरचा बाजार मिळाला हे खरं. पण पुढल्या दोन वर्षांतली खरेदीही आधीच उरकली गेली.

डीलरसाठी धोक्याचा काळ घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यामधला. गिऱ्हाईक थांबतं, माल गोदामात पडून राहतो. घोषणेची कुणकुण लागली की नवी ऑर्डर निम्मी करा.

हप्त्यावर विकणं परवडतं का?

विकावंच लागतं, कसं विकायचं एवढाच प्रश्न. केनियात एम-पेसा २००७ पासून मोबाइलवरून पैसे फिरवत होतं. त्या पायावर एम-कोपा या कंपनीने २०१२ मध्ये सौर संच हप्त्याने द्यायला सुरुवात केली: थोडी अनामत, रोज लहान रक्कम, आणि भरणा थांबला की संच दुरूनच बंद. पुढे त्यांनी स्मार्टफोनही याच पद्धतीने दिले.

ही युक्ती दुरून कुलूप लावता येणाऱ्या वस्तूंना चालते. साध्या फ्रिजला असं कुलूप नाही, आणि तो उचलून आणण्याचा खर्च उरलेल्या हप्त्यांइतका होतो. तिथे अनामत जास्त घ्या आणि हप्ता गिऱ्हाइकाच्या कमाईच्या वेळेला जोडा. मजुराला आठवड्याचा, शेतकऱ्याला सुगीचा. शेतकऱ्याला महिन्याचा हप्ता लावून 'थकबाकी वाढली' म्हणणं म्हणजे आपलीच चूक त्याच्या नावावर टाकणं.

मोठ्या जागतिक ब्रँडपुढे नवा ब्रँड टिकतो का?

टिकतो, त्या भागाची अडचण ओळखली तर. नोकियाचा ११०० हा २००३ चा फोन: टॉर्च, धूळ न जाणारा कीपॅड, घामट हातातून न निसटणारी कड. जगभर सुमारे २५ कोटी नग विकले गेले. नंतर चीनमधल्या शेनझेनच्या ट्रान्शन कंपनीने टेक्नो, आयटेल आणि इन्फिनिक्स या नावांनी आफ्रिकेत हीच वाट धरली. एकाच नेटवर्कवर स्वस्त बोलता येतं म्हणून लोक दोन-तीन सिम बाळगत, तर दोन आणि जास्त सिमचे फोन. वीज नाही म्हणून मोठी बॅटरी. सावळ्या-काळ्या वर्णाचा चेहरा अंधुक उजेडात नीट दिसेल असा कॅमेरा. यापेक्षा कमी बोललं जातं ते त्यांच्या कार्लकेअर या दुरुस्ती केंद्रांबद्दल. आमच्या मते टिकण्याचं खरं कारण तिथे आहे.

सुटे भाग किती ठेवावेत?

एक साधा हिशेब. बाजारात तुमचे २,००० टीव्ही चालू आहेत आणि एखादा भाग वर्षाला ३ टक्के दराने बिघडतो असं धरू. वर्षाला ६०, महिन्याला ५. भाग समुद्रमार्गे यायला तीन महिने लागतात, म्हणजे वाटेतला काळ निभवायला १५. जहाज उशिरा येतंच, म्हणून वर निम्मे: २२-२३. साठा एवढ्यावर उतरला की ऑर्डर गेली पाहिजे. तीन टक्के हा सुरुवातीचा अंदाज. सहा महिन्यांनी आपल्या नोंदींतून प्रत्येक भागाचा दर वेगळा काढा.

एलईडी टीव्हीसाठी पाच वस्तू सतत लागतात: रिमोट, पॉवर बोर्ड, मेन बोर्ड, बॅकलाइटच्या पट्ट्या आणि बोर्ड-पॅनेल जोडणारी चपटी केबल. पॅनेल साठवू नका. फुटलं तर बदलण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

बॅकलाइटची तक्रार ओळखणं सोपं आहे: आवाज येतो, पडदा काळा. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरपी टॉर्च मारली तर पुसट चित्र हलताना दिसतं. म्हणजे पॅनेल शाबूत आहे, दिवे गेलेत. पट्टीतले एलईडी एकामागे एक जोडलेले असल्याने एक उघडा पडला की सगळी रांग विझते. बदलताना एकच एलईडी बदलू नका, पूर्ण संच बदला. बाकीचेही तेवढेच तास जळलेले असतात. आणि नवा संच बसवल्यावर बॅकलाइटचा करंट १५-२० टक्क्यांनी उतरवून द्या. उजेडातला फरक डोळ्याला फारसा कळत नाही, आयुष्य मात्र वाढतं. खरं तर कारखान्यातच तो कमी ठेवायला हवा, पण दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा उजळ दिसायचं असतं ना!

बोर्डांची अडचण वेगळी. एकाच मॉडेल नंबरखाली कारखाना वर्षात तीनदा बोर्ड बदलतो. पॅनेल कोणतं हे बोर्डाला सॉफ्टवेअरमधून सांगितलेलं असतं; चुकीचं भरलं तर चित्र उलटं किंवा रंग विचित्र दिसतात. करारातच लिहून घ्या: बदल झाला की नवा पुनरावृत्ती क्रमांक मागच्या स्टिकरवर आणि सॉफ्टवेअरची फाइल तुमच्याकडे.

फ्रिजमध्ये आर६००ए गॅस असेल तर मेकॅनिकला प्रशिक्षण दिल्याशिवाय एकही नग विकू नका. हा गॅस ज्वलनशील आहे. भरणा खूप थोड्या ग्रॅमांचा असतो, त्यामुळे अचूक काटा हवा. जुन्या आर१३४ए गॅसच्या सवयीने अंदाजे भरलं तर फ्रिज थंड होत नाही. आणि गॅस बाहेर काढून हवा खेळती केल्याशिवाय नळीवर ज्योत धरली तर भडका उडतो.

जुना आयात माल आणि ग्रे मार्केट (अधिकृत वितरकाला टाळून आलेला माल) यांचं काय करायचं?

भाव कमी करून त्यांच्याशी लढू नका, हराल. वॉरंटी आणि दुरुस्तीत लढा. अनुक्रमांक तपासून बाहेरच्या मालालाही पैसे घेऊन दुरुस्ती द्या. तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी तुमच्याकडे येतं.

जुन्या फ्रिजांबाबत कायदाही बघा. युरोपातून येणाऱ्या वापरलेल्या फ्रिजांवर घानाने जानेवारी २०१३ पासून बंदी अमलात आणली, कारण ते वीज खात आणि त्यांत ओझोनला मारक गॅस असत. बंदी आली की त्या भावाचा नवा छोटा फ्रिज कोणाकडे आहे, त्याच्याकडे बाजार वळतो.

चलन पडलं तर?

६ मार्च २०२४ रोजी इजिप्तचा पाउंड एका दिवसात डॉलरला सुमारे ३१ वरून ५० च्या घरात गेला. ज्याने ९० दिवसांच्या डॉलर उधारीवर माल उचलून डीलरला पाउंडात ६० दिवसांची उधारी दिली होती, त्याचा नफाच काय, भांडवलही गेलं. डीलरची उधारी शक्य तितक्या कमी दिवसांची ठेवा, भावपत्रकावर वैधता सात दिवसांची लिहा, आणि सुट्या भागांचा साठा शेवटपर्यंत विकू नका. चलन पडल्यावर लोक नवं घेत नाहीत, जुनं दुरुस्त करतात.

ऑनलाइन विक्रीने दुकानं संपतील का?

मोबाइल आणि हेडफोनची बरीचशी. फ्रिजची नाही. फ्रिज उभाच न्यावा लागतो. आडवा नेला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, मग उभा करून काही तास थांबावं लागतं. हे दारात सांगणारा माणूस हवा असतो.

जुन्या वस्तू परत घेण्याची सोय आत्तापासून करावी का?

करावी, कारण कायदा मागून येतोच. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद होऊन गोळा झाला. १ जानेवारी २०२५ पासून घातक कचऱ्याच्या ने-आणीवरच्या बासल कराराखाली सगळ्या प्रकारचा ई-कचरा देशाबाहेर पाठवायला समोरच्या देशाची आगाऊ संमती लागते, म्हणजे 'बाहेर पाठवून देऊ' हा पर्याय अवघड झाला. नव्या फ्रिजच्या गाडीतून जुना परत आणला तर वाहतुकीचा वेगळा खर्च पडत नाही. फक्त गाडी निघण्यापूर्वी त्याचं दार काढून ठेवा किंवा बांधा. लहान मुलं आत लपतात.